गाडी नुसती टकटक करते, चालू होत नाही: बॅटरी विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

चावी फिरवली की बोनेटखालून नुसतं टकटक ऐकू येतं, इंजिन काही फिरत नाही. अशा वेळी शेजारी उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: "बॅटरी गेली दादा." पानटपरीवरचा सांगतो, बाजूचा दुकानदार सांगतो, बॅटरीवाला तर सांगणारच. पुष्कळदा ते खरंही निघतं. पण बॅटरी कामातून जाणं, बॅटरी नुसती उतरणं आणि चांगल्या बॅटरीचा करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरीपर्यंत, न पोचणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्हींत आवाज जवळपास सारखाच येतो. पहिल्या दुखण्याला काही हजार रुपये लागतात, दुसऱ्याला रात्रभराचं चार्जिंग, तिसऱ्याला दहा नंबरचा पाना आणि तांब्याभर गरम पाणी.

आपल्याकडे निदान बहुतेक वेळा दुकानावर ठरतं. बॅटरीच्या दुकानात गेलात तर बॅटरी खराब, सेल्फ-डायनामो दुरुस्तीच्या टपरीवर गेलात तर सेल्फ खराब. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ज्याच्या हातात जे काम, त्याला आधी तेच दिसतं. आपण मात्र खालच्या क्रमाने जायचं: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्यात काही विकत घ्यावं लागतं ते शेवटी. सगळं पारगावात, फाट्यावर, शेतातल्या आखाड्यावर करता येण्यासारखं आहे.

सुरुवातीला दोन-तीन गोष्टी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हातातलं कडं, अंगठी, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा, कारण पाना आणि कडं मिळून बॅटरी शॉर्ट झाली तर मनगट भाजतं. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि ठिणगीने बॅटरी फुटल्याचे प्रकार होतात. आणि सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा.

आधी कान द्या

एकाला आत बसवून चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बोनेट उघडून उभे राहा. आवाज कुठून येतो आणि किती वेळा येतो, एवढंच ऐकायचं.

एकामागोमाग जलद टकटकटकटक आला, तर सेल्फच्या सोलेनॉइडला ताकद पुरत नाही. आत काय होतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. सेल्फच्या डोक्यावर एक छोटा दंडगोल असतो, तो सोलेनॉइड. चावी फिरवली की त्याच्यातल्या गुंडाळीत करंट जातो, आतला दांडा खेचला जातो. दांडा दोन कामं करतो: सेल्फचं दातेरी चाक (पिनियन) पुढे ढकलून इंजिनच्या मोठ्या चाकाला, फ्लायव्हीलला लावतो आणि शेवटी तांब्याचे दोन जाड काँटॅक्ट जोडतो, म्हणजे मोठा करंट मोटरीत जातो. आता बॅटरी अशक्त असेल किंवा वाटेत जोड ढिला असेल, तर काँटॅक्ट जुळताक्षणी मोटर एवढा करंट ओढते की व्होल्टेज कोसळतो. व्होल्टेज कोसळला की दांडा सुटतो. दांडा सुटला की भार गेला, व्होल्टेज परत वर. मग पुन्हा खेचला जातो. हा खेळ सेकंदाला कितीतरी वेळा चालतो, तोच तो टकटकाट.

एकच, जाड ‘खट्’ आला आणि पुढे शांतता, तर दांडा पूर्ण खेचला गेला आणि धरूनही राहिला, पण मोटर फिरली नाही. इथे संशय सोलेनॉइडचे जळलेले काँटॅक्ट, मोटरीच्या फिरत्या भागाला करंट देणारे पण झिजलेले कार्बन, खराब अर्थिंग (करंट परत बॅटरीकडे नेणारा काळ्या केबलचा जोड) किंवा अडकलेलं इंजिन यांच्यावर जातो.

तिसरा आवाज लोक चुकवतात. स्टिअरिंगखालून किंवा फ्यूजबॉक्समधून बारीक ‘टिक्’ येतं आणि खाली सेल्फकडे काहीच होत नाही. हा नुसत्या रिलेचा, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर सेल्फकडे करंट सोडणाऱ्या छोट्या स्विचचा आवाज. म्हणजे सेल्फला हुकूमच पोचलेला नाही. सेल्फची बारीक वायर निसटली असेल, तुटली असेल, उंदराने खाल्ली असेल किंवा रिलेचेच काँटॅक्ट खराब असतील. अशा वेळी नवी बॅटरी टाकून काडीचाही फरक पडत नाही.

आणि इंजिन घर्रर्र-घर्रर्र छान फिरतं पण पेट घेत नाही, तर तो हा आजारच नव्हे. तिथे पेट्रोल, पंप, प्लग, सेन्सर यांच्याकडे बघायचं. या लेखातलं काही तिथे लागू नाही.

दिवा लावून सेल्फ मारा

आता केबिनमधला दिवा आणि हेडलाइट लावा आणि परत चावी फिरवा. काही नव्या गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात, तिथे केबिनच्या दिव्यावरच नजर ठेवा.

दिवे आधीपासूनच पिवळट आणि टकटक सुरू होताच आणखी मलूल झाले: बॅटरी उतरली आहे.

दिवे आधी लख्ख होते, चावी फिरवताच एकदम पूर्ण गेले, आणि कधीकधी चावी सोडल्यावरही लगेच आले नाहीत: टर्मिनल ढिलं किंवा गंजलेलं. ही खूण इतकी ठळक आहे की पुढचं काही न करता थेट टर्मिनलला हात घाला.

एकच खट् आला आणि दिव्यांना काही फरकच पडला नाही: मोठा करंट वाहिलाच नाही. काँटॅक्ट, कार्बन किंवा मोठ्या केबलचा जोड.

एकच खट् आला आणि दिवे खोल बुडाले: करंट वाहतोय, पण मोटरीला फिरता येत नाही. सेल्फ जाम, इंजिन जाम, किंवा बॅटरीत धरून ठेवायला दमच नाही.

टर्मिनल: निम्मं दुखणं इथेच सापडतं

टर्मिनल हाताने धरून पिळून बघा. थोडंही हललं तरी ते ढिलं समजा. वर पांढरी, हिरवट-निळी भुकटी जमलेली दिसली तर ती हाताने खरवडू नका, त्यात आम्ल असतं.

"दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे जोड चांगलाच आहे की," असं लोक म्हणतात. इथेच हिशेब चुकतो. समजा टर्मिनलच्या गंजामुळे वाटेत 0.02 ओहमचा अडथळा आहे. दिव्यांना लागतो दहा अँपिअरच्या आसपास करंट. म्हणजे त्या अडथळ्यात 0.2 व्होल्ट जातात, डोळ्यांना फरक कळतही नाही. पण लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. दीडशे धरले तर त्याच अडथळ्यात 3 व्होल्ट जागीच जिरले. बोलेरोसारख्या डिझेल गाडीचा सेल्फ याहून कितीतरी जास्त ओढतो, तिथे तर गाडी फक्त टकटकच करणार. ठिबकच्या मेन लाइनमध्ये गाळ बसला की दोन-चार ड्रीपर टपकत राहतात, पण सगळे व्हॉल्व्ह उघडले की शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, तसंच हे.

साफसफाई अशी. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी केबल सोडवा, मग लाल. उलट केलं आणि लाल सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. गरम पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घाला आणि टर्मिनलवर हळू ओता, फेस येऊन भुकटी विरघळेल. पाण्याच्या बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना, ते आधी बघा, सोडा आत जाता कामा नये. मग साध्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून, पॉलिश पेपरने शिशाचा खुंट आणि केबलच्या क्लँपची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा. वरून क्लँप कितीही स्वच्छ दिसला तरी करंट जातो आतल्या बाजूने. ती बाजू काळपट राहिली तर मेहनत वाया.

जोडताना आधी लाल, मग काळी. खुंटाच्या बुडापर्यंत क्लँप बसवा आणि आवळा, पण शिसं मऊ असतं, हत्तीचं बळ लावू नका. सगळं झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवा. वरून, मध्ये नाही. क्लँप ढिला पडतो म्हणून मध्ये सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी किंवा पत्र्याची पट्टी घालायची पद्धत आहे. घरापर्यंत न्यायला ठीक, कायमचा इलाज म्हणून नको. नवा क्लँप फार महाग नसतो.

केबल काढल्याने घड्याळ, रेडिओ, काचांचं ऑटो बटण हे रीसेट होऊ शकतं. घाबरू नका.

मीटर हातात घ्या

साधा डिजिटल मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. ज्याच्या घरी कार, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टर आहे त्याने तो घेऊन ठेवावा, पहिल्याच वापरात वसूल होतो. बटण डीसी व्होल्टच्या 20 वर. लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे, दहा अँपिअरच्या नाही, हे दोनदा बघा. अँपिअरच्या भोकात पिन ठेवून बॅटरीला लावली तर सरळ शॉर्ट होतो.

गाडी दोन-तीन तास उभी असेल तेव्हाचं माप खरं. नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे पाव. त्याखाली गेली तर आधी चार्ज करा, मगच तिच्याबद्दल मत बनवा. उतरलेली बॅटरी खराब ठरवून दुकानात देऊन येणं हा सगळ्यात महाग पडणारा उतावळेपणा आहे. चार्ज करूनही माप 10.5 च्या आसपासच अडकत असेल, तर मात्र सहापैकी एक सेल मेला. प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्टचा असतो, एक वजा केला की हाच आकडा येतो. ती बॅटरी संपली.

आता खरी परीक्षा. मीटरच्या पिना बॅटरीच्या खुंटांवर धरा, क्लँपवर नव्हे, आणि आतल्या माणसाला सेल्फ मारायला सांगा.

आकडा 10 च्या वर राहिला आणि इंजिन फिरलं तर बॅटरी ठीक. 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. उभ्या गाडीत 12.5 दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच 6-7 वर कोसळली, तर तिच्यात नुसता व्होल्टेज आहे, ताकद उरलेली नाही. आणि टकटक किंवा खट् होतानाही आकडा 12.3-12.4 वरून हललाच नाही, तर बॅटरीकडून कुणी काही घेतलंच नाही. तिला सोडा आणि पुढे चला.

त्याच वेळी एक पिन शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच टर्मिनलच्या क्लँपवर ठेवून बघा. सेल्फ मारताना तिथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर तिथेच दोन मिलिमीटरच्या गंजात बसलाय.

बॅटरीवर चार्ज दाखवणारा हिरवा डोळा असेल तर त्यावर फार विसंबू नका. तो एकाच सेलचं सांगतो, बाकीच्या पाचांचं त्याला काही माहीत नसतं.

अर्थिंगची तपासणी, जी कुणी करत नाही

काळी केबल बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिन-गिअरबॉक्सला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी वेगळी अर्थ पट्टी असते. खालून चिखल, वरून इंजिनची उष्णता, आणि क्लच-गिअरबॉक्सचं काम झालं असेल तर पट्टी परत आवळायला विसरलेली, अशी तिची गत होते. काळ्या मातीचा चिखल त्या बोल्टवर बसला की तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथून हलत नाही.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ मारताना 0.2-0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. तसंच लाल खुंट आणि सेल्फवरचा जाड बोल्ट यांच्यात 0.5 पेक्षा जास्त दिसलं तर लाल केबल किंवा तिचे जोड खराब. हे माप करंट वाहत असतानाच घ्यायचं. उभ्या गाडीत तुटायला आलेली केबलही शून्यच दाखवते.

मीटर नसेल तर जंपर केबलची एकच तार घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या जाड धातूला, फिरत्या पट्ट्यांपासून लांब. आता सेल्फ मारा. गाडी चटकन उचलली तर अर्थ पट्टी बदलायची, बाकी कशाला हात लावायची गरज नाही.

सेल्फवर आलो

बॅटरी भक्कम, टर्मिनल स्वच्छ, अर्थिंग ठीक, तरी एकच खट्. आता सेल्फ. तो बहुतेक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, खालच्या अंगाला असतो. हात पोचत असेल तर एकाने चावी फिरवून धरायची आणि दुसऱ्याने पान्याच्या मुठीने सेल्फच्या बॉडीवर हलके टोले द्यायचे. हातोडा नको, आतले चुंबक फुटतात. टोल्याने सेल्फ फिरला तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचरवर (मोटरीच्या फिरत्या भागावर) काळा थर आलाय. ही युक्ती घरी जाण्यापुरती. ती उद्या चालेलच असं नाही, परवा तर नाहीच.

सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक वायरवरही मीटर लावून बघा. चावी फिरवल्यावर तिथे साधारण बॅटरीइतकाच, सेल्फ मारतानाचा व्होल्टेज यायला हवा. तिथे पूर्ण व्होल्टेज येतोय आणि सेल्फ फिरत नाही, तर बिघाड सेल्फमध्येच. तिथेच कमी येतोय, तर चावीचा स्विच, रिले किंवा मधली वायरिंग दोषी. जुन्या गाड्यांत चावीच्या स्विचचे काँटॅक्ट झिजतात. त्यावर इलेक्ट्रिशियन मध्ये एक जादा रिले टाकून देतात, आणि व्यवस्थित बसवला तर तो उपाय चांगला चालतो.

सेल्फ काढायचा झाला तर आधी बॅटरीची काळी केबल काढा, सेल्फच्या जाड बोल्टवर चोवीस तास करंट असतो. दुरुस्तीला देताना "सेल्फ खराब आहे" एवढंच सांगू नका. "एकच खट् येतो, दिवे मंद होत नाहीत, बारीक वायरवर व्होल्टेज येतोय," असं सांगा. चांगला उस्ताद तेवढ्यावर ओळखतो की कार्बन आणि सोलेनॉइड बघायचंय. कार्बन, बुश, सोलेनॉइड वेगवेगळे बदलता येतात, सरसकट नवा सेल्फ बसवायची घाई नको. काढलेले जुने भाग परत मागा.

वाटेत अडकलात तर

जंप स्टार्टला दुसरी 12 व्होल्टची बॅटरी हवी. आपल्या भागात ती सगळ्यात सहज मिळते ट्रॅक्टरवर, आणि ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा गाडीच्या बॅटरीपेक्षा मोठीच असते. महामार्गावर ट्रकवाला मदतीला थांबला तर आभार माना, पण त्याच्या गाडीवरून जंप घेऊ नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते, तेवढ्याने तुमचा ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जळू शकतो.

केबल जाड हवी. आखाड्यावर पडलेली मोटरीची वायर किंवा घराच्या फिटिंगची वायर लावायचा मोह होतो, पण ती शंभर-दीडशे अँपिअर पेलत नाही. गाडी चालू होत नाही आणि वायरचं प्लास्टिक वितळून हाताला चिकटतं.

जोडायचा क्रम: लाल तुमच्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड लावताना बारीक ठिणगी उडते, ती बॅटरीशेजारी उडू नये म्हणून. ट्रॅक्टर चालू ठेवून पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग सेल्फ मारा. चालू झाल्यावर उलट क्रमाने काढा. जंप लावूनही तशीच टकटक चालली असेल तर पकडी हलवून नीट बसवा. तरीही फरक नसेल तर आजार बॅटरीत नाही.

धक्का हा दुसरा मार्ग, आणि तोही एक तपासणीच आहे. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, सपाट रस्त्यावर दोघा-तिघांनी ढकलायचं, वेग आला की क्लच झटक्यात सोडायचा. सेल्फ खराब आणि बॅटरी चांगली असेल तर गाडी पहिल्याच धक्क्यात चालू होते. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजेक्शनच्या गाडीला धक्काही पुरत नाही, कारण पेट्रोल पंप आणि ईसीएमलाही करंट लागतो. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतं, म्हणून उतारावर हा प्रयोग नको. ऑटोमॅटिक आणि एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या गाड्यांना तर मुळीच नको.

पाण्यातून आलेली गाडी असेल तर थांबा

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस पडला, तसा पाऊस झाला की पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाड्या बंद पडतात. पाण्यात बंद पडलेली गाडी नंतर एकच जड खट् करत असेल आणि दिवे बुडत असतील, तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का तर अजिबात देऊ नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तोपर्यंत प्लग काढून पाणी उडवण्यावर भागलं असतं, त्यानंतर इंजिनच उघडावं लागतं. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर गाडी ओढून न्या. विम्याचंही इथे अडतं: पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करायच्या प्रयत्नात झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर लागतं.

चालू झाली, आता उतरली कशाने ते शोधा

इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.5 च्या दरम्यान व्होल्ट दिसले पाहिजेत. 12 च्या घरातच रेंगाळत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा. 15 च्या वर जात असेल तर हा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवून टाकेल. काही नव्या गाड्यांत ईसीएम चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निर्णय नको.

गाडी दोन दिवस उभी राहिली की उतरते, पण रोज चालवली तर काही होत नाही, अशी तक्रार असेल तर बंद गाडीत कुणीतरी करंट खातंय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिमचा अँप्लिफायर, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, डिकीचा न विझणारा दिवा हे नेहमीचे गुन्हेगार. मीटरची लाल पिन आता दहा अँपिअरच्या भोकात, काळी केबल काढून तिच्या आणि खुंटाच्या मध्ये मीटर. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडतो ती लाइन. मीटर असा मध्ये असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज नाहीतर मीटरच जळाला समजा.

जंप देऊन चालू केलेली बॅटरी गावात एक चक्कर मारून भरत नाही. 35 अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन अँपिअरवर आठ-दहा तास चार्जरला लागली पाहिजे. दुकानदाराला "स्लो चार्जिंग" असं स्पष्ट सांगा.

उंदरांचं आमच्याकडे वेगळंच प्रकरण आहे. ऑक्टोबरात सोयाबीनची रास शेडमध्ये आली आणि तिथेच गाडी लावली की उबदार इंजिनवर त्यांचा मुक्काम पडतो. सेल्फची बारीक वायर सापडायला सोपी. बोनेट उघडल्यावर लेंड्या, शेंगांची टरफलं दिसली तर आधी वायरिंग डोळ्यांखालून घाला.

आणि ऊन. बॅटरीला थंडी मारते असं सगळे म्हणतात, कारण गाडी जानेवारीतल्या सकाळी अडते. परभणीत पारा पाच-सहावर उतरतो तेव्हा इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते आणि टकटक सुरू होते. पण तिचा जीव आधीच एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत गेलेला असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणून पाण्याच्या बॅटरीची पातळी उन्हाळ्यात महिन्याला बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं पाणी नको. आपल्या बोअरच्या पाण्याने घरच्या गिझरचं काय होतं ते माहीत आहेच. अ‍ॅसिड तर कधीच वरून घालू नका, उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं.

बॅटरी घ्यायचीच ठरली तर

जुन्या बॅटरीवरचा पूर्ण कोड लिहून न्या, उदाहरणार्थ 38बी20एल. शेवटचं एल किंवा आर हे अक्षर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कुठल्या बाजूला ते सांगतं. तेवढं चुकलं तर केबल पोचत नाही, आणि दुकानातला पोरगा ती ओढून-ताणून बसवतो. काही महिन्यांत तोच क्लँप ढिला पडून परत टकटक. बॅटरीवरचा बनावटीचा महिना बघा, दुकानात वर्षभर पडून राहिलेली नको. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या. फुकट बदलून देण्याचा काळ किती आणि प्रो-रेटाचा, म्हणजे वापराच्या हिशेबाने नुसती सूट मिळण्याचा किती, हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही विचारा. जुनी बॅटरी परत दिली की किमतीत सूट मिळते, ती बिलात वेगळी दाखवायला लावा. बसवून झाल्यावर खाली धरून ठेवणारी पट्टी आवळली का ते हाताने हलवून बघा. ती ढिली राहिली तर आपल्या रस्त्यांवर बॅटरी आदळून-आदळून आतल्या प्लेटा झडतात.